माझ्याआधी तुला कळलं

विमल,

परवा तुझी तेरवी झाली. शहापूरला तुझ्या अंगणात मांडव घातला होता आणि मांडवाबाहेर पार रस्त्यापर्यंत चपलाच चपला. मी त्या चपलांकडे बघत उभी राहिले. रडायला आले होते, पण मनात पहिला विचार आला तो असा, की एवढी माणसं? माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का?

तुला खोटं सांगून उपयोग नाही. पंधरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून तू माझा चेहरा वाचत आलीस. माझा मत्सर तुला माझ्याआधी दिसायचा.

धोंडूभाऊ पंगतीत वाढत होता. आपल्या ऑफिसचा लाइनमन, पण परवा तो तुझ्या घरचा होता. डोळे सुजलेले. माझ्या पानात भात वाढता वाढता थांबला आणि म्हणाला, "आमची माय गेली, बाई." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाला, "तुमी संगंच काम करत होत्या नं त्यायच्या. तुमालेई वाईट वाटत असंन."

वाटत असंन! मी मान खाली घालून जेवले.

आणीबाणीच्या आदल्या साली आपण दोघी एकाच आठवड्यात भंडाऱ्याला ट्रंक बोर्डावर लागलो. तेव्हा गावात कोणाला नागपूरशी बोलायचं तर आपल्यामार्फतच बोलावं लागे. दिवा लागला की दोरी खुपसायची, नंबर विचारायचा, पलीकडची लाइन धरायची, चिठ्ठीवर वेळ टाकायची आणि तीन मिनिटं झाली की सांगायचं. मी यात पटाईत होते. एका वेळी चार लाइनी सांभाळायची. आणि तू! तुझ्या दोऱ्या एकमेकींत गुंतायच्या, नागपूरच्या ऑपरेटर मुली तुझ्या नावानं बोटं मोडायच्या. नंबर विचारायचा सोडून तू माणसालाच विचारायचीस, "आवाज काहून असा येऊन राहिला, भाऊ? बरं नाही काय?"

साहेब तुला बोलले की मी मनातून खूश व्हायची. पहिलं वर्षभर तुझ्या-माझ्यात हे असं बरं चाललं होतं. मी हुशार, तू बावळी.

मग धोंडूभाऊची बायको बाळंतपणात गेली. चौथ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा सगळं ऑफिस एकदम कामात बुडालं. कोणी त्याच्याकडे बघेना. मला वाटलं, आता मीच काहीतरी करायला हवं. मी त्याचा सुट्टीचा अर्ज लिहून दिला, इंग्रजीतून, एकही खाडाखोड नाही. साहेबांनीही त्या अर्जाचं कौतुक केलं. धोंडूभाऊनं सही केली आणि तिथंच बसून राहिला. घरी जाऊन करणार काय?

तू स्टूल ओढून त्याच्यापुढे बसलीस. "जेवला काय, भाऊ? आज कोणं रांधलं?" तो म्हणाला, बहिणीनं. मग तू विचारलंस, "नाव काय होतं तिचं?" असं विचारतात का? पण तो म्हणाला, "कौसल्या." आणि मग तो बोलायलाच लागला. ती कशी हसायची, तांदूळ निवडताना कशी गाणी म्हणायची, सगळं. तुझ्या बोर्डावरचे दिवे लागत राहिले आणि ते सगळे कॉल मी घेतले. नंतर तू साहेबांकडे गेलीस. म्हणालीस, याचे हात थरथरतात, महिनाभर याला खांबावर एकट्याला चढवू नका, सोबत कोणी द्या. साहेबांनी दिला.

त्या दिवसापासून तू त्याची माय झालीस. अर्ज माझा, कॉल मी घेतलेले, आणि माय तू. मी घरी जाऊन यांना तावातावानं हे सांगितलं होतं. हे तेव्हा जंगलखात्यात साकोलीला होते, शनिवारी यायचे. हसून म्हणाले, "तूही विचारायचं होतं नाव."

मला सुचलंच नव्हतं, विमल. तेच तर दुःख होतं.

आता त्या दिवसाचं बोलते. आपण बारा वर्षं त्यावर भांडलो, पण एकदाही पूर्ण नाही.

आपल्या मुली एका महिन्याच्या अंतरानं झालेल्या. तुझी हेमा, माझी बेबी. ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या, म्हणून मी बेबीला आंबागडला माझ्या आईकडे ठेवलं होतं. सहा वर्षांची होती, तिथल्याच शाळेत जायची. त्या दिवशी अकराच्या सुमाराला तुमसरच्या लाइनचा दिवा लागला. तो तुझ्या बाजूला होता म्हणून तू घेतलास. माझ्या बाजूला असता तर? हा प्रश्न मी किती वेळा स्वतःला विचारला असेल. तू ऐकत होतीस. "हो, हो, समजलं" एवढंच म्हणालीस. चिठ्ठी लिहिली नाहीस. हेडफोन काढून साहेबांकडे गेलीस आणि परत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

"शालू, उठ. आंबागडले जाऊ. बेबीले ताप आला हाये."

"कोणाचा फोन होता?"

"तुह्या मामाचा. तुमसरच्या पोस्टातून."

"लई हाये काय?"

"जाऊन पाहू."

रोज लोकांचे असे फोन आपण जोडत होतो. मेलं असं कोणी फोनवर म्हणत नसे. 'सिरियस आहे, लवकर या' म्हणत, आणि ऐकणाऱ्याला काय ते कळे. मला कळायला नको होतं? पण तू 'सिरियस' म्हणालीच नाहीस. ताप म्हणालीस. आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला.

बसमध्ये मी बोलत होते. आईच्या तक्रारी करत होते, की पोरीला तळ्यावर खेळायला सोडते, ऊन लागलं असणार. आणि मी हसलेही. "लई नाटकी हाये वं पोरगी, शाळा बुडवायची असली का ताप येते तिले," असं म्हणून हसले. तू माझा हात धरून बसली होतीस. तुमसरच्या स्टँडवर पुढची गाडी यायला वेळ होता. तू मला चहा पाजलास, पुड्यात बांधून आलूबोंडे आणलेस. "खाय, पुढं काही भेटणार नाही," म्हणालीस. मी खाल्ले. विमल, माझी पोर ओसरीवर झाकून ठेवलेली होती आणि मी तुमसरच्या स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. चटणी मागून घेतली.

गावाच्या वेशीशी बस थांबली तेव्हा तू सांगितलंस. दोनच शब्द. मग मला उचलून धरलंस.

दोन तास. दोन तास तुला माहीत होतं की बेबी नाही, आणि मला माहीत नव्हतं. माझ्या लेकीचं मरण आधी तुझ्याजवळ आलं. आधी तू तिच्यासाठी मनातून रडलीस, मी नंतर. पोर माझी होती. या जगात मी कोणाचा कशासाठी इतका मत्सर केला नाही जितका त्या दोन तासांसाठी तुझा केला.

तीन आठवड्यांनी मी कामावर आले. फाटकापाशी तू उभी होतीस. तुझी ड्युटी दुपारची होती, तरी सकाळी सहाला शहापूरहून येऊन उभी होतीस. माझ्या हाताला धरून आत नेलंस. आत एकेक जण येऊन बोलला, आणि प्रत्येकानं नाव घेतलं. "बेबीचं कळलं, बाई." साहेबसुद्धा, ज्यांना माझ्या घरी कोण कोण आहे हेही माहीत नव्हतं, ते चष्मा पुसत म्हणाले, "बेबीबद्दल फार वाईट वाटलं." तूच सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस की नाव घ्या, गप्प बसू नका. मला रागही आला की माझ्या मुलीचं नाव तू वाटत फिरलीस. आणि त्या नावावरच मी तो दिवस काढला, हेही खरं. घरी तर कोणी तिचं नाव काढत नव्हतं. सासूबाईंनी फ्रॉकसुद्धा कोणाला देऊन टाकले होते.

दोन महिने गेले. मग एक दिवस आपल्या ऑफिसात पाणी भरणारी सखूबाई बोलता बोलता बोलून गेली, "तुमाले नाही देत नं बाई तसले फोन. विमलबाईनं सांगून ठेवलं हाये साऱ्यायले." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन महिन्यांत माझ्याकडे एकही मयतीचा फोन आला नव्हता. मला नुसत्या राइस मिलवाल्यांचे आणि विडीवाल्यांचे कॉल येत होते.

मी तुला सायकली ठेवायच्या जागी गाठलं.

"मले कायले पांगळी करून ठेवली तू?"

"पांगळी नाही वं. खपली धरू दे जराशी."

"माही खपली माही मी पाहीन! बेबी गेली तवाई तूच ठरवलं मले कधी सांगायचं. आताई तूच ठरवून राहिली मी काय आयकायचं!"

तू हळू विचारलंस, "बसमधी सांगतलं असतं तं काय केलं असतं तू?"

"रडली असती!"

"दोन घंटे? लोकायपुढं?"

"हो, दोन घंटे! ते दोन घंटे माहे होते!"

"मले तुले पोचवायचं होतं, शालू. सांगतलं असतं तं तू रस्त्यातच पडली असती."

"पडली असती तं पडली असती."

सखूबाई मध्ये आली म्हणून आपण थांबलो. पण ते भांडण संपलं नाही. कधी डबा खाताना, कधी ड्युटी बदलताना, त्यातलंच एखादं वाक्य मी काढायची आणि तू पुरं करायचीस.

दुसऱ्या दिवसापासून तू माझे कॉल माझ्याकडे येऊ दिलेस. चारच दिवसांत मयतीचा फोन आला. एक म्हातारा मुलाला भिलाईला फोन लावायला आला होता. लाइन लागली, पलीकडून मुलगा "हॅलो, हॅलो" करत होता आणि म्हाताऱ्याच्या तोंडून आवाज फुटेना. मी ऐकत होते. कापू शकत नव्हते, सोडू शकत नव्हते. मग मीच बोलले, "तुमचे बाबा हायेत फोनवर. तुमची आई गेली, भाऊ. संध्याकाळपर्यंत या, तुमच्यासाठी थांबून राहिले सारे." सरळ सांगितलं. म्हातारा तेव्हा मोठ्यानं श्वास घेऊन म्हणाला, "हो रे बाबू." तीन मिनिटं झाली, सहा झाली, मी काही बोलले नाही. माझे गाल भिजले होते. पुढे लोक विचारत यायला लागले, ती खरं सांगणारी बाई ड्युटीवर आहे का म्हणून.

तेव्हा मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. एकदा तरी, एवढासा तरी मत्सर तिथं दिसावा म्हणून बघितलं होतं. नव्हता. तू खूश होतीस. तुझं ते खूश होणं मला सहन झालं नाही.

आणि हेमा. बेबी गेल्यावर तू ऑफिसात हेमाचं नाव घेणं बंद केलंस. तिचे दात पडले, तिला फुगडीत बक्षिसं मिळाली, काही नाही. मी दिसले की बायका बोलणं बदलत. हेमा दहावी पास झाली तेव्हा तू पेढे वाटलेस ते माझ्या सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सखूबाईनं तिच्या वाट्याचा पेढा अर्धा करून माझ्या हातावर ठेवला तेव्हा मला कळलं. मी तुला म्हणाले, "माह्यासाठी तू आपल्या जित्या पोरीले लपवून ठेवली? एवढी वाईट हावो काय मी?" तू म्हणालीस, "नाही वं, तुले लागंन म्हणून." लागणार होतंच. पेढा न देऊनही लागलं. हेमाची उंची बघून मी दरवेळी बेबीची उंची मोजायची, हे तुला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी तो पेढा मला तुझ्या हातून हवा होता.

हेमाच्या दहावीच्या तीनेक वर्षं आधी तिचे बाबा, आपले भाऊजी, गेले होते, शाळेत शिकवता शिकवता. त्या वेळी मी स्वतःशी म्हटलं, आता माझी पाळी. वाईट आहे हे बोलणं, पण मला तसं वाटलं होतं. तू परत कामावर आलीस त्या दिवशी मी फाटकापाशी उभी राहिले. सगळ्यांना सांगून ठेवलं, मास्तरांचं नाव घ्या. तुझी दुपारची ड्युटी मी मागून घेतली. तू आलीस, माझ्याकडे बघून म्हणालीस, "मी ठीक हाये वं," आणि बोर्डावर जाऊन बसलीस. आठ दिवस तेच. ठीक हाये, ठीक हाये.

नवव्या दिवशी मी माठाशी पाणी प्यायला गेले. मागच्या पायरीवर तू सखूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होतीस. हुंदके देऊन. सखूबाई तुझ्या केसांतून हात फिरवत होती. मी पेला तसाच ठेवून परत आले. मी तुला काय कमी केलं होतं? सखूबाईला रडू देतेस आणि मला ठीक हाये सांगतेस? पंधरा दिवस मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. शेवटी विचारलं, "काहून वं, मी काय मेली होती?" तू माझ्या डब्यातली भाकर तोडून घेतलीस आणि म्हणालीस, "तुही भाजी खारट झाली आज." आणि मी चिडून भांडले. मीठ किती टाकलं होतं त्यावर भांडले!

तुझ्या पोटातली गाठ काढली तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात मी एकदाच येऊ शकले. तू इतकी लहान दिसत होतीस त्या पांढऱ्या चादरीत. मी काय काय ठरवून आले होते. तुझ्यामुळे मी उभी राहिले, एवढं तरी सांगायचं होतं. तू म्हणालीस, "शालू, अजून राग हाये काय वं? बसचा?"

मी म्हटलं, "हाये."

तू हसलीस. टाके दुखले असतील. "राहू दे मंग," म्हणालीस.

चौथ्या दिवशी दुपारी नागपूरच्या लाइनचा दिवा लागला, माझ्या बाजूला. तुझ्या दिराचा आवाज. "वहिनी सिरियस आहे, हेमाला घेऊन या." मी म्हटलं, "भाऊ, मी शालू बोलून राहिली. खरं सांगा." ते रडायला लागले.

म्हणजे तुझं जाणंही तुझ्या लेकीआधी मला कळलं. मी हेमाच्या कॉलेजात गेले. वाटेत ठरवत होते, ताप म्हणू का, सिरियस म्हणू का. आणि मी तेच केलं जे बारा वर्षं तुला सांगत आले. व्हरांड्यात तिचे दोन्ही हात धरून सांगितलं. "हेमा, आई गेली."

साहेबांनी जीप दिली. नागपूरपर्यंत ती पोर माझ्या मांडीवर तडफडली. दोनदा जीप थांबवून ओकली. दर थोड्या वेळानं मान वर करून विचारायची, "मावशी, खरंच?" आणि प्रत्येक वेळी मला पुन्हा सांगावं लागे. तू मला कशातून अलगद नेलं होतंस ते त्या रस्त्यानं मला दाखवलं. मी मनातल्या मनात तुला म्हटलं, जिंकलीस बाई तू.

दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. मैत्रिणीसाठी सुट्टी मागायची असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि मागितली असती तर कोणत्या नात्याखाली मागायची तेही ठाऊक नव्हतं. फाटकापाशी कोणी उभं नव्हतं. सगळे शहापूरला जायचं ठरवत होते, हेमाचं काय, तुझ्या सासूचं काय. दुःख त्यांचं होतं. हक्काचं होतं. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून राइस मिलवाल्यांचे नंबर जोडत होते आणि मला त्या पोरक्या पोरीचाही हेवा वाटत होता, कारण तिला सगळे विचारत होते.

परवा पंगती उठल्यावर हेमा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, तुमी मले तवाच सांगतलं ते बरं केलं. जीपमधी माहं मनातल्या मनात आईसंग सारं बोलून झालं. तिथं गेल्यावर लोकायनं बोलूच देल्लं नसतं."

ऐकलंस? म्हणजे मीही चुकले नव्हते. आता हे मी कोणाला येऊन सांगू? तू असतीस तर म्हणाली असतीस, "हेमाचं येगळं, तुहं येगळं," आणि मी म्हटलं असतं, "काहून येगळं?" आणि अजून दहा वर्षं आपली आरामात गेली असती.

मग मांडवात सगळे गोल बसले. एकेक जण तुझं सांगायला लागला. धोंडूभाऊनं कौसल्याचं सांगितलं. सखूबाईनं सांगितलं. ज्यांना मी ओळखतही नव्हते अशी माणसं सांगत होती, विमलबाईनं माझ्यासाठी हे केलं, ते केलं. प्रत्येकाजवळ तुझा मऊ हात होता. मी मनात मोजत होते आणि जळत होते.

शेवटी हेमा म्हणाली, "मावशी, तुमी सांगा नं. तुमच्यासंग तं आई सर्वात जास्त राहिली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांगायला माझ्याजवळ काय होतं? बस होती, सायकली ठेवायची जागा होती, खारट भाजी होती. आणि तेव्हा मी त्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की एवढ्या मोठ्या मांडवात एकही माणूस असा नाही ज्याच्याशी तू भांडली असशील.

मी म्हटलं, "माह्याजवळ काही नाही बाई सांगासारखं."

त्यांना वाटलं, मला रडू आलं म्हणून बोलवत नाही. तसं नव्हतं, विमल. मला ते त्यांना द्यायचं नव्हतं.